काच, परळ आणि कॅमेरा: एका घरबागेतल्या पाणवठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

घरामागची बाग साधारण १४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीत बैठकीच्या खोलीचं सरकतं काचेचं दार आहे, २.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच. दारातून बाहेर पाहिलं की उजव्या हाताला जास्वंदीचं दाट झुडूप, टोकाच्या कुंपणावर मधुमालतीचा वेल आणि मध्ये मोकळी हिरवळ. बुलबुल, दयाळ, साळुंकी, होला, चिमण्या, शिंपी आणि शिंजीर हे पक्षी इथे पूर्वीपासून ये-जा करत. घरमालक निवृत्त गृहस्थ. पक्ष्यांची ओळख चांगली, कॅमेरा मात्र नवा: एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा आणि त्यावर ७०–३०० मिमीची झूम लेन्स.

बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून आरामात फोटो काढता यावेत, हा त्यांचा बेत. त्यासाठी ४५ सेंमी व्यासाचं मातीचं परळ, म्हणजे पक्ष्यांच्या पाण्याचं पसरट भांडं, एका तिवईवर, काचेपासून ४ मीटरवर मांडलं. हे अंतर त्यांनी अंदाजाने नाही, हिशेबाने काढलं होतं. सेन्सरची रुंदी २३.५ मिमी, ती अंतराने गुणून लेन्सच्या ३०० मिमीने भागली की चौकटीत किती रुंदीचं दृश्य मावतं ते कळतं. ४ मीटरवर ते जवळपास ३१ सेंमी येतं, म्हणजे २० सेंमी लांबीचा बुलबुल चौकटीचा दोन तृतीयांश भाग भरतो. लेन्सच्या बाजूने हिशेब अचूक होता. पक्ष्याच्या बाजूने तो कुणी केलाच नव्हता.

परळाशेजारी धान्याची ताटलीही ठेवली होती. चार दिवसांत तिथे पारव्यांचा कब्जा झाला आणि रात्री उंदीर दिसू लागले, तेव्हा ती उचलली. पाण्याला हा त्रास नाही. शिवाय दाणे न खाणारे शिंपी, दयाळ आणि शिंजीरही पाण्यावर येतात. फोटोसाठी एकच गोष्ट ठेवायची असेल तर पाणीच ठेवावं.

अडचण

पहिल्या तीन आठवड्यांत दोन तक्रारी पुढे आल्या आणि घरमालकांना त्या वेगवेगळ्या वाटल्या.

पहिली फोटोंची. पक्षी येत होते, बसत होते, पण चित्र मऊ आणि फिकं यायचं, पाठीमागे तिवईचे पाय, कुंड्या आणि वेलीच्या काड्यांची गर्दी. सकाळी तर पक्षी निव्वळ काळी आकृती दिसायचा. दार पूर्वेला असल्यामुळे सकाळी कॅमेरा थेट उजेडाच्या दिशेने रोखलेला असे.

दुसरी तक्रार आवाजाची. काचेवर अधूनमधून टकटक व्हायची. दयाळचा नर दाराच्या चौकटीवर बसून आपल्याच प्रतिबिंबावर चोच मारतो, हे घरमालकांनी पाहिलं होतं, म्हणून प्रत्येक आवाज त्याच्याच नावावर जमा होत गेला. दुसऱ्या आठवड्यात एक जोरदार ‘धप्प’ ऐकू आला, तोही दयाळच्या खात्यावर गेला. तिसऱ्या आठवड्यात दारापाशी शिंपी मरून पडलेला सापडला. त्यानंतर दोन दिवसांनी एक बुलबुल काचेवर आपटून खाली बसून राहिला, पिसं फुगवलेली, चोच अर्धवट उघडी.

बुलबुलाच्या बाबतीत जे केलं ते योग्य केलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, तळाशी जुनं सुती कापड घातलं, पक्षी आत ठेवून झाकण लावलं आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं. पाणी पाजलं नाही, दाणा दिला नाही. बधिर पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दर अर्ध्या तासाने खोकं बागेत नेऊन झाकण उघडायचं, उडाला नाही तर पुन्हा बंद करायचं. तिसऱ्या वेळी तो उडाला. दोन तासांनंतरही बसूनच राहिला असता, किंवा पंख लोंबता दिसला असता, तर वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्यांकडे पोचवण्याची तयारी ठेवली होती. उडाला म्हणजे बरा झाला, असंही समजू नये. आतला मार लागलेले काही पक्षी नंतर दूर कुठे तरी मरतात.

निदान: दोन आवाज, दोन कारणं

इथे आठवडाभर वाया गेला, आणि या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी जागाही हीच.

प्रतिबिंबाशी भांडणारा पक्षी आणि काचेवर आदळणारा पक्षी यांत गोंधळ करू नये. भांडण म्हणजे हलकी, पुन्हापुन्हा होणारी टकटक. पक्षी तोच, जागा तीच, वेळ बहुधा सकाळची, मोसम विणीचा. चौकटीवर विष्ठेचे पांढरे ओघळ साचतात. पक्षी दमतो, क्वचित चोचीला इजा होते, पण तो सहसा मरत नाही. धडक मात्र एकदाच बसते आणि जोरात बसते. पक्षी कोणताही असू शकतो. काचेवर तिरप्या उजेडात पाहिलं की पिसांच्या भुकटीचा फिकट ठसा दिसतो, कधी एखादं बारीक पीस चिकटलेलं असतं. पहिल्या पक्ष्याला समोर शत्रू दिसतो, दुसऱ्याला मोकळी वाट किंवा झाड.

घरमालकांच्या मुलीने संध्याकाळी काचेच्या कडेला उभं राहून टॉर्चचा झोत तिरपा टाकला, तेव्हा पाच ठसे मोजता आले. ओघळ होते ते फक्त डाव्या चौकटीवर. ठसे सगळे उजव्या अर्ध्या भागात, जमिनीपासून एक ते पावणेदोन मीटर उंचीवर, म्हणजे नेमके जिथे जास्वंदीचं प्रतिबिंब पडत होतं तिथे.

“बाबा, परळावर उभ्या पक्ष्याच्या उंचीला डोळे आणून बघा,” ती म्हणाली. ते तिवईपाशी वाकले. समोर काच दिसतच नव्हती, दुसरी जास्वंद दिसत होती.

मग कारणांची साखळी जुळवली. तीन गोष्टी कॅमेऱ्यासाठी केल्या होत्या आणि तिन्हींनी काचेचा आरसा केला होता. एक, फोटो स्वच्छ यावेत म्हणून काच रोज पुसली जात होती. दोन, पक्ष्यांना आतला माणूस दिसू नये म्हणून खोलीतले दिवे बंद आणि मागचे पडदे ओढलेले असत. काचेमागे काळोख आणि पुढे लख्ख उजेड असला की साध्या काचेत आरशासारखं प्रतिबिंब उमटतं. तीन, परळ ४ मीटरवर होतं. मांजराच्या हालचालीने किंवा वरून गेलेल्या शिक्र्याच्या सावलीने पक्षी दचकला की झुडपाकडे झेप घेतो, आणि ४ मीटरच्या झेपेत त्याला पुरता वेग येतो. धडका दुपारी तीननंतर का बसत होत्या, तेही इथेच उलगडलं. दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की झाडांची घराकडची बाजू उजळते आणि प्रतिबिंब आणखी खरं दिसू लागतं. दयाळ मात्र सकाळी भांडत होता.

हा धोका कितपत मोठा, असं कुणाला वाटेल. काचेवर आदळून मरणाऱ्या पक्ष्यांचा अमेरिकेपुरता अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला: वर्षाला साधारण ३६.५ ते ९८.८ कोटी. त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी आणि राहत्या घरांचा सुमारे ४४ टक्के निघाला. एका घरात वर्षाला दोन-चार पक्षी मेले तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण घरं असतात कोट्यवधी.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे परळ कायमचं काढून टाकणं. त्याने धोका कमी झाला असता, पण संपला नसता. जास्वंद आणि काच समोरासमोर होतीच, आणि परळ मांडण्याआधी धडका बसत नव्हत्या असं कुणी पाहून ठेवलेलं नव्हतं.

परळ काचेजवळ आणणं हा दुसरा. पक्षितज्ज्ञ डॅनियल क्लेम आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खाद्यपात्र काचेपासून एक मीटरच्या आत असताना मृत्यू कमी झाले आणि अंतर वाढवत नेलं तसे वाढले. इतक्या जवळून निघालेल्या पक्ष्याला वेगच येत नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने हा पर्याय चांगला होता. पण ७०–३०० मिमीच्या बहुतेक लेन्स सव्वा-दीड मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, आणि काचेलगत आलेले पक्षी खोलीतल्या पापणीच्या हालचालीनेही उडतात. नुसतं पाहायचं असेल तर हीच जागा निवडावी. इथे फोटो सोडायचे नव्हते.

तिसरा पर्याय दहा मीटरपलीकडे जाण्याचा. ‘एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पुढे’ असा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्याचा पहिला अर्धा भाग प्रयोगांवर उभा आहे. दुसऱ्या अर्ध्याला तितका भक्कम आधार नाही, कारण त्याच प्रयोगांत दहा मीटरवरही पक्षी मेले होते. अंतर वाढवलं की धोका आपोआप टळतो असं धरून चालू नये.

चौथा पर्याय काचेवर खुणा करण्याचा. बाजारात मिळणारं ससाण्याचं एकच काळं चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी त्याला घाबरत नाही, फक्त तेवढी जागा टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. लागते ती सगळ्या काचेवर पसरलेली जाळीसारखी रचना, आणि तीही बाहेरच्या बाजूने. आतून लावलेली खूण बाहेरच्या प्रतिबिंबाखाली झाकली जाते. घरमालक अडले ते इथेच. खुणा केलेल्या काचेतून फोटो कसे काढणार?

निर्णय

वाद तासभर चालला आणि मग लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा विचारला जात आहे. काचेतून काढलेले फोटो आताही वाईटच येत होते. परळ जरा बाजूला असल्यामुळे लेन्स काचेशी तिरपी धरावी लागे, आणि काचेतून तिरपं पाहिलं की तपशील मऊ होतो. लेन्सचा हुड, म्हणजे पुढची गोल झालर, काचेला टेकवलेला नसल्याने खोलीतलं अंधुक प्रतिबिंब चित्रात मिसळत होतं, म्हणून रंग फिके. ज्या काचेसाठी हे सगळं चाललं होतं, ती फोटोच्या कामाचीच नव्हती. मग ठरलं: काचेवर खुणा करायच्या, परळ लांब न्यायचं आणि कॅमेरा घराबाहेर काढायचा.

कृती

त्याच संध्याकाळी परळ रिकामं करून पालथं घातलं. दारावर बाहेरून जुनी मच्छरदाणी ताणून बांधली, काचेपासून १० सेंमी सोडून. जाळी काचेला टेकली तर पक्षी आदळल्यावर ती आत दबते आणि काच लागतेच, म्हणून हे अंतर हवं. कायमची व्यवस्था होईपर्यंत इतकं पुरतं.

कायमची व्यवस्था दोऱ्यांची केली. २.४ मीटर लांबीच्या लाकडी पट्टीला ४ मिमीची भोकं पाडली, ३ मिमी जाडीची गडद नायलॉनची दोरी वरून ओवून गाठ मारली आणि पट्टी दारावर बाहेरून, काचेपासून १० सेंमी पुढे टांगली. सुरुवातीला भोकांमधलं अंतर १० सेंमी ठेवलं: २३ दोऱ्या, गाठींसकट प्रत्येकी २.२ मीटर, म्हणजे जवळपास ५१ मीटर. बुलबुल, साळुंकी, होल्यासाठी एवढं पुरेसं असतं. पण आठव्या दिवशी एक शिंजीर दोन दोऱ्यांमधून सरळ काचेपर्यंत आला आणि पंजे टेकवून मागे फिरला. दहा सेंमी लांबीच्या आणि दहा ग्रॅमच्याही आतल्या पक्ष्याला १० सेंमीची फट म्हणजे उघडं दार. लहान पक्ष्यांसाठी अंतर ५ सेंमी हवं, हे आधीच धरायला हवं होतं. आणखी २४ भोकं पाडून मधल्या दोऱ्या घातल्या. एकूण दोऱ्या ४७ झाल्या.

दोऱ्या वाऱ्यावर गुंतू नयेत म्हणून खालच्या टोकांना लोखंडी वॉशर बांधले होते. पहिल्याच वाऱ्यात ते काचेवर वाजू लागले. वॉशर काढले, दाराच्या न हलणाऱ्या अर्ध्या भागात खालीही एक पट्टी बांधली आणि हलणाऱ्या भागातल्या दोऱ्या मोकळ्या सोडल्या. त्या हाताने बाजूला सारून बागेत जाता येतं. दयाळचं भांडण दोऱ्यांनी कमी झालं, थांबलं नाही. चौकटीलगतचा ३० सेंमीचा पट्टा विणीचा मोसम संपेपर्यंत बाहेरून पुठ्ठ्याने झाकला, तेव्हा थांबलं. प्रतिबिंबच दिसेनासं झालं की शत्रू उरत नाही.

परळाची नवी जागा काचेपासून १०.५ मीटरवर धरली. मधुमालतीपासून अडीच मीटर. आसरा याहून दूर असला तर लहान पक्षी उतरायला कचरतात, याहून जवळ असला तर मांजराला दबा धरायला आयतीच जागा मिळते. तिवईऐवजी ९० सेंमी उंचीचा गुळगुळीत लोखंडी नळ, वर गोल फळी, त्यावर परळ. परळ खोल होतं, मध्ये ८ सेंमी. त्यात खरबरीत चपटे दगड असे रचले की कडेला एक सेंमी आणि मध्ये चार सेंमी पाणी राहील. चिमणीएवढा पक्षी एवढ्याच पाण्यात अंघोळ करतो. चकचकीत तळावर त्याचे पाय सरकतात आणि तो कडेवर बसून नुसतं पाणी पिऊन जातो.

पाणी रोज बदलायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज ओतून दिलं तर तो प्रश्न उरत नाही. रोज बदलण्याचं खरं कारण विष्ठा. एकाच पाण्यावर पुष्कळ पक्षी आले की आजार पसरतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या आजाराने हरित फिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली, आणि दूषित खाद्यपात्रं व पाणी ही त्याच्या प्रसाराची वाट होती. आठवड्यातून एकदा परळ ब्रशने घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं भिजवायचं, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं. मातीचं भांडं द्रावण शोषून घेतं, म्हणून वाळवण्यात घाई नको. यासाठी दुसरं परळ हाताशी ठेवलं. फुगलेला, मलूल, चोचीतून लाळ गळणारा पक्षी दिसला तर पाणी दोन आठवडे बंद ठेवायचं, हेही ठरलं.

नऊ दिवस नव्या जागी कोणी फिरकलं नाही. परळ पुन्हा जवळ आणावं असं घरमालकांना वाटू लागलं होतं. त्याऐवजी फांदीला पाण्याची बाटली उलटी टांगली आणि झाकणाला सुईने भोक पाडलं. थेंब पडेना, कारण आत हवा जायला वाट नव्हती. तळाशी दुसरं भोक पाडल्यावर दर दोन सेकंदाला एक थेंब पडू लागला. साचलेलं पाणी पक्ष्याला झाडावरून दिसेलच असं नाही, पण थेंबाचा आवाज आणि हलणारी तरंगरेषा त्याला लांबून कळते. दहाव्या दिवशी सकाळी बुलबुल आला. बुलबुल आला की बाकीचे येतात.

कॅमेऱ्यासाठी लपण उभं केलं: चार काठ्या, गडद हिरवं जाड कापड, १.२ मीटर चौरस, दीड मीटर उंच, परळापासून ५ मीटर. दिशा अशी की सकाळचा सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी येईल आणि पक्ष्यामागे सात मीटर मोकळी जागा राहील. पक्षी लेन्सच्या जवळ आणि पार्श्वभूमी दूर असेल तरच मागचा हिरवा रंग सपाट होतो. नुसती महागडी लेन्स घेऊन हे साधत नाही, जागा बदलून साधतं. कापडाचा रंग दुय्यम आहे, फडफड नको. चारही बाजू दोरीने आवळल्या. पहिले पाच दिवस लपणात कुणी बसलं नाही, फक्त खिडकीतून काळ्या नळीचा तुकडा लेन्ससारखा बाहेर काढून ठेवला, म्हणजे खरी लेन्स आली तेव्हा पक्ष्यांना ती नवी वाटली नाही.

परळाच्या कडेला, सेन्सरला समांतर अशी वाळकी काटकी खोवली. बुलबुल-दयाळसाठी बोटभर जाड, शिंपी-शिंजीरसाठी पाच मिमीची. लांबी फक्त २५ सेंमी ठेवली. लांब फांदीवर पक्षी कुठेही बसतो, आखूड काटकीवर जिथे फोकस धरलाय तिथेच बसतो. बहुतेक पक्षी थेट पाण्यात उतरत नाहीत, आधी शेजारी बसून चारी बाजू न्याहाळतात. ते चार-पाच सेकंदच चांगल्या फोटोचे. दर पंधरा दिवसांनी काटकी बदलायची, नाहीतर सगळे फोटो एकाच फांदीवरचे होतात.

कॅमेरा मॅन्युअलवर आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) स्वयंचलित, वरची मर्यादा ३२००. बसलेल्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद. मान सतत हलते, त्यामुळे १/२५० वर शरीर स्पष्ट आणि डोळा पुसट येतो. अंघोळीचे थेंब गोठवायला १/२५००. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ६.३. ५ मीटरवर, ३०० मिमीला स्पष्टतेची खोली जेमतेम ७ सेंमी मिळते, म्हणून पक्षी आडवा वळेपर्यंत थांबायचं. फोकसचा एकच बिंदू, तो डोळ्यावर. दयाळच्या काळ्या-पांढऱ्या पिसांना कॅमेरा फसतो, काळ्याकडे पाहून चित्र उजळ करतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा जळून जातो. त्याच्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, ०.७ स्टॉप कमी. लेन्सची उंची परळाच्या काठाइतकी. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि भांडं दिसतं, पाण्याच्या पातळीवरून काढलेल्यात पक्षी.

मधला थांबा

लपण वापरायला लागून तीन आठवडे झाले होते, तेव्हा बुलबुलाची जोडी चोचीत काड्या घेऊन जास्वंदीत शिरताना दिसली. घरटं लपणापासून चार मीटरवर. फोटोची याहून चांगली संधी नाही असं वाटण्याचा हा क्षण. दोन डहाळ्या बाजूला केल्या असत्या तर घरटं उघडं दिसलं असतं.

डहाळ्या हलवल्या नाहीत. त्यांच्या पानांचं काम असतं ऊन अडवणं आणि कावळ्याच्या नजरेपासून लपवणं. पानं गेली की दोन्ही गेलं. बुलबुल अंडी साधारण १२ ते १४ दिवस उबवतो आणि पिल्लं आणखी जवळपास १२ दिवस घरट्यात राहतात. तेवढा काळ लपण बंद ठेवलं. कापड उतरवलं नाही, कारण उतरवण्याची धावपळही गोंधळच. आवाज वाजवून पक्षी बोलावणं, फ्लॅश मारणं, मोबाईल हातात घेऊन डोकावणं, सगळं वर्ज्य. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीने दिवसातून एकदा पाहायचं, बस. परळ मात्र चालू ठेवलं. तीन अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर पडली.

निष्पत्ती

दोऱ्या ५ सेंमीवर आणल्यानंतर पाच महिन्यांत त्या दारावर एकही ठसा सापडला नाही. मेलेला पक्षी सापडला नाही एवढ्यावर समाधान मानलं नाही, कारण मांजर, कावळा, मुंगूस असं मेलेलं पाखरू तासाभरात उचलून नेतात. दर रविवारी टॉर्च तिरपा धरून काच पाहायची आणि वहीत लिहायचं, हा नेम ठेवला.

फोटोंचं म्हणाल तर सहा बैठकांत अकराशे चित्रं काढली गेली, ठेवण्याजोगी चाळीसेक निघाली. त्यात अंघोळ करणाऱ्या शिंप्याचं एक आहे. शेपूट उभी, पंख पसरलेले, डोळ्यापुढे तीन थेंब, तिसऱ्या थेंबात उलटी मधुमालती.

नोंदींतही एक सुधारणा झाली. आधी घरमालक ‘बुलबुल २२’ असं लिहायचे, म्हणजे बावीस फेऱ्या. पक्षी होते चार. आता ते पंधरा मिनिटांत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले तोच आकडा लिहितात. १९९८ पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षिगणनेतही निदान पंधरा मिनिटं पाहून मोजायचं असतं, त्यामुळे वहीतल्या नोंदी तिथे उपयोगी पडतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला ‘धप्प’ ऐकू आला त्याच दिवशी काच तपासली असती तर शिंपी बहुधा वाचला असता. परळाची जागा ठरवताना लेन्सचा हिशेब शेवटी करायला हवा होता. आधी परळाच्या उंचीवरून काचेकडे पाहणं, मग आसऱ्याचं अंतर, मग सूर्य, मग लेन्स. दोऱ्यांचं माप बागेतल्या सर्वांत मोठ्या पक्ष्यावरून नाही, सर्वांत लहान पक्ष्यावरून घ्यायला हवं होतं. भोकं पाडण्याची मेहनत दुप्पट झाली. आणि परळ एकदम साडेसहा मीटर हलवण्याऐवजी थेंबाची बाटली पहिल्याच दिवशी लावली असती तर ते नऊ दिवस रिकामे गेले नसते.

एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. सगळं लक्ष मोठ्या दारावर. पाचव्या महिन्यात दुर्बीण पुसताना स्वयंपाकघराच्या खिडकीवर भुकटीचा ठसा दिसला, होल्याचा, दोन्ही पंख पसरलेले, पिसापिसाची रेघ मोजता यावी इतका स्वच्छ. खिडकी जेमतेम ६० सेंमी रुंद आणि एक मीटर उंच. दाराच्या कामातून साडेसोळा मीटर दोरी उरली होती. या खिडकीला अकरा दोऱ्या, बारा मीटर लागल्या.